सीमेपलीकडचं बाळ

"सीमेवर पुन्हा चौकी बसली तर काय करायचं?" आयर्लंडच्या सीमेलगत, ब्रिटनच्या हद्दीतल्या न्यूरीच्या हॉस्पिटलात चहा पिताना मेव्ह ब्रेक्झिटच्या बातम्यांनी धास्तावली होती. बसू दे चौकी, सोबतच्या नर्सच्या, शर्वाणीच्या मनात आलं. एकदा हिलाही अडवू दे, मग कळेल.

मेव्ह केस कापायलासुद्धा पलीकडे आयर्लंडात जायची. शर्वाणीची धाकटी बहीण तिथेच, वीस मिनिटांवर बाळंत झाली होती. पण भारतीय पासपोर्टवर तिकडचा वेगळा व्हिसा लागायचा आणि तो काही मिळत नव्हता. डिंकाचे लाडू मेव्हच पोचवायची. भाच्याला मांडीवरही आधी तिनेच घेतलं. "नाक अगदी तुझं गं," असं तिने येऊन सांगितलं, तेव्हा शर्वाणीचा नुसता जळफळाट झाला होता.

सकाळीच तिकडून आलेल्या मेव्हने रिकामा डबा पुढे केला. तिचे डोळे भरून आले.

"चौकी बसली, तर तुझे लाडू कोण नेणार?"

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मेव्हला घट्ट मिठी मारली. मेव्हच्या स्वेटरला बाळाच्या दुधाचा वास येत होता. शर्वाणी पुन्हा जळली.