पाय रोवून

“वळा. कंबर नाही बाबा, छाती वळवा!” लेक पुन्हा एकदा म्हणाली.

बाबा स्टुलावर बसले होते, छातीवर हातांची घडी घालून. उजवीकडे वळायला सांगितलं तर नुसती मान वळली. धड जागचं हललं नाही. लेक फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर दवाखान्यात परक्यांच्या पाठी सरळ करायच्या आणि संध्याकाळी माहेरी येऊन या गृहस्थांपुढे डोकं आपटायचं, याचा तिला अगदी वीट आला होता.

“छातीतून वळत नाही, खुब्यातून वळत नाही. मग बॉल मारताना सगळा पीळ बसतो कंबरेला. ती काय पिळायची वस्तू आहे? बंद करा तो गोल्फ.”

“रविवारी जोडीदार वाट बघतात. आणि कोच म्हणतो, माझे पाय एकदम पक्के. रोवले की रोवले.”

“मग दुखरी कंबरही कोचलाच दाखवा.”

निवृत्तीनंतर लागलेला हा नाद बाबा कुणाच्या बापाचं ऐकून सोडणार नव्हते, तिथे लेकीचं काय ऐकणार!

“अहो, मला खुर्चीत बसवता का?” आतल्या खोलीतून आईने हाक मारली. आईच्या पायांत उभं राहण्याची ताकद उरली नव्हती. लेक उठली, पण बाबांनी तिला हातानेच थांबवलं.

“तू राहू दे. तुला तिचा अंदाज नाही.”

लेक दारात उभी राहिली. बाबांनी पलंगाशी पाय फाकवून रोवले, आईच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि पाऊल तसूभरही न हलवता, कंबरेतून वळून, शेजारच्या चाकांच्या खुर्चीत अलगद टेकवलं. आईला साधा हिसकाही बसला नाही. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, पाऊल टाकून वळायचं ना!”

“पाय हलले की नेम चुकतो,” बाबा दम खात म्हणाले. “हिच्या बाबतीत चुकून चालेल का?”

“आणि हे असं रोज?”

“रोज म्हणजे काय, उठल्यापासून निजेपर्यंत लागेल तेव्हा,” आई हळूच म्हणाली.

लेकीला बाबांचा राग आला, आईचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. इतके दिवस ती सगळं खापर रविवारच्या खेळावर फोडत आली होती.

“उद्यापासून मी बाई ठेवते,” ती जवळजवळ ओरडलीच. “ती उचलेल आईला. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही!”

बाबांना आता कंबरेतून वळताच येईना. पलंगाच्या कडेला धरून, बारीक बारीक पावलं टाकत ते सगळेच्या सगळे लेकीकडे फिरले.

“बाई नको,” ते म्हणाले. “गोल्फ सोडतो मी. आता तरी झालं तुझं समाधान?”