राजे अजून वाटेतच

मढच्या घरात नाताळचा गोठा मांडला की रेजिना मातीच्या तीन राजांना मुद्दाम लांब, दारापाशी चपलांच्या स्टँडवर ठेवायची. सासूने घालून दिलेली रीत होती: राजांनी रोज थोडं थोडं पुढे सरकायचं आणि तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, बाळ येशूपुढे पोचायचं. यंदा मात्र तिच्या नाकी नऊ आले होते. सकाळी तिने राजांना टीव्हीपर्यंत आणावं, तर संध्याकाळी ते पुन्हा चपलांपाशी.

"इनास, तू हात लावतोस ना त्यांना?" तिने नवऱ्याला धरलंच.

"मी कशाला लावू? राजांचा उंट दमला असेल."

"थट्टा पुरे झाली. उद्या सण आहे. फादर येतील घराला आशीर्वाद द्यायला आणि राजे दारात चपला राखत उभे. या चालीने ते ईस्टरला पोचतील."

"पोचू दे ना ईस्टरला. तुला कसली घाई आहे?"

रेजिनाने तिन्ही राजे उचलले आणि तरातरा गोठ्याकडे निघाली. तेवढ्यात आतल्या खोलीतून मेल्विनच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. सणाचं जेवण झालं की पोरगा बोटीवर निघणार होता, तो थेट पुढच्या नाताळालाच परत येणार होता.

गोठ्याशी ती थबकली. मग मागे फिरली आणि राजांना चपलांच्या स्टँडवर नीट ओळीत उभं केलं.

"फादरनी विचारलं तर मी सांगते," ती इनासला म्हणाली, "उंट दमलाय म्हणून."