सात गाड्या दगड

चहाचा कप हातात घ्यायच्या आधी सुगत भिंतीला मोजायचा टेप लावायचा, हे सरजाबाईंना मुळीच पटत नव्हतं. नांदेडहून यायचं, ज्याच्या त्याच्या ओसरीत शिरायचं आणि विचारायचं, भूकंपात पडलेल्या तुमच्या घराचा दगड कुठं गेला? सरजाबाईंचा नातू म्हणून गाव ऐकून घेत होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर वेशीवरूनच परत गेला असता.

काम मोठं होतं म्हणे. दगड, विटा, सिमेंट कुठून निघतं आणि कुठं जाऊन बसतं, ते आकड्यांनी शोधायचं. त्यानं चिठ्ठ्या टाकून साठ घरं काढली होती. कुणाच्या जागेवरून किती गाड्या दगड हलला, हे तेव्हाच्या मास्तरांनी वहीत लिहून ठेवलेलं. तो कुठं लागला, हे घरोघर विचारायचं. नव्या जोत्यात, विहिरीत, रस्त्याच्या खडीत.

"त्रेपन्न घरं जुळली," तूर पाखडणाऱ्या आजीसमोर बसून तो म्हणाला. "थोडं इकडं-तिकडं, ते चालतं. पण सात घरांत बरोबर एकेक गाडी कमी. विचारलं तर सातही जण म्हणतात, आठवत नाही. आजी, तूसुद्धा. सगळे नेमकी एकच गाडी कशी विसरतात? लबाडी आहे ही. मी ती सात घरं खोडतोय."

"कुणाकुणाची?"

त्यानं वाचली. नरसिंग. केवळाबाई. भुजंगराव. अमृतराव. सरजाबाईंचं सूप मधेच थांबलं. पुढची दोन नावं त्यानं वाचायच्या आधीच त्यांना कळली होती. तीस वर्षं ही माणसं गिरणीवर, लग्नात, मयतीला भेटत आली. कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"खोडू नको," त्या म्हणाल्या.

"मग गाडी कुठं गेली ते सांग."

सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"लहान लेकरू जाळत न्हाईत, पुरतात. कुत्र्यानं उकरू न्हाई म्हणून वर दगड रचावा लागतो. ज्या भिंतीनं लेकरू नेलं, तिचाच दगड गाडीत घालून नेला आम्ही सातही घरांनी. तुझ्या बापाला बहीण व्हती, सुगत. अडीच वर्षाची. धम्मप्रिया." त्यांनी त्याच्या मांडीवरचा कागद बोटानं सरळ केला. "गणित तुझं बराबर हाय, लेका. लबाड म्हणलास, तेवढं चुकलं."