रंगाआधीची डबी

दुपारच्या सामसुमीत ओट्यावरची काचेची डबी तपासणी संपल्याचं सांगत टिणकन वाजली. तिच्यात रंगारी सोपानच्या कातडीपासून वाढवलेल्या पुरुषबीजाच्या पेशी होत्या. नवा रंग आधी त्यांना पाजायचा, मगच रेशमाच्या लड्या बुडवायच्या, ही आता रंगाऱ्यांच्या घरोघरची रीत.

“सगळ्या मेल्या,” सोपानची बायको कल्याणी म्हणाली. “अहो, हा रंग परत पाठवा.”

“अगं, जांभळा बघ तरी कसला खुललाय!”

“खुलू दे. मला दुसरं बाळ हवंय.”

सोपानने हसत रंगाच्या डब्याला झाकण लावलं. कल्याणीने पेशी मोरीत ओतल्या नि लेकीला म्हणाली, “अशा पेशींपासूनच बाळ होतं, जुई. म्हणून आधी तपासायचं.”

जुईने मोरीत वाकून पाहिलं. “मग आई, आत्ता वाहून गेलं ते कोण होतं?”