आतली मूठ

जुन्या पिकअपचा टप चांगलाच चेपला होता. पत्राकाम करणारा परवडेना, म्हणून आम्ही नवरा-बायकोच कामाला लागलो. दारांच्या मुठीसुद्धा सध्या बाहेरच्याच बसवल्या होत्या; आतल्या नंतर.

"म्हणजे आता तुम्ही माझ्या ताब्यात," मी आत बसल्यावर बायको हसली आणि तिनं बाहेरून दार लावलं. दारं बंद असली, तरच टप सरळ बसतो.

ती मागच्या हौद्यात उभी राहून टपावर लोखंडी ठोकळा दाबायची. मी आतून म्हणायचो, "धर." ती म्हणायची, "धरलं." मग मी हातोडी मारायचो. कुणी मागून झील ओढावी, तसा सुरेख ताल लागला. पत्रा उठू लागला.

"धर."

"धरलं."

तेवढ्यात समोरच्या काचेतून बायको दिसली. घरातून चहा घेऊन येत होती.

मी हातोडी खाली ठेवली. या वेळी "धर" म्हटलंच नाही.

"धरलं," वरून तिचाच आवाज आला.

"दार उघड लवकर," म्हणत मी काचेवर थापा मारल्या. तिनं कप खाली ठेवले, मूठ फिरवली, दार ओढलं, पुन्हा ओढलं.

"अहो, पुरे झाली थट्टा. आतून कशाला धरलंय दार?"

माझे दोन्ही हात काचेवर होते.

"धरलं," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं.