गंगाधरपंतांना वशिला चालत नाही

"सोनगिरेच्या मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या भजनी मंडळातल्या मृणालिनीची सख्खी नणंद, बरं का," अळूवडी वाढता वाढता दुर्गाबाई म्हणाल्या.

गंगाधरपंतांचा घास हातातच राहिला. "कुठलं सोनगिरे?"

"अहो, तुमच्या त्या फायलीतलं. नाव दिसलं म्हणून आपलं सांगितलं."

पंतांनी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं. आता निवृत्तीनंतर दादरच्या एका न्यासाने त्यांच्यावर मोठं काम सोपवलं होतं. खेड्यातल्या शाळेला जीवशास्त्र नीट शिकवता यावं म्हणून अनुदान द्यायचं होतं. सूक्ष्मदर्शक, नमुने, रोपवाटिका, मुलांच्या सहली, सगळं त्यातून होणार होतं. शाळा मात्र एकच निवडायची, आणि शेवटचा शब्द पंतांचा. अर्जांचा ढीग उपसून दोन शाळा उरल्या होत्या, सोनगिरे आणि खैराट. शनिवारच्या बैठकीत निकाल सांगायचा होता.

पंतांचं मन सोनगिरेकडे झुकलं होतं. अर्ज देखणा होता, रंगीत फोटो काय, आलेख काय. खैराटचा अर्ज हाताने लिहिलेला. मनवा गोठणकर नावाच्या शिक्षिकेने त्यात लिहिलं होतं, 'आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक आहे. त्याच्या भिंगावर बुरशी चढली आहे. त्यामुळे मुलांचा बुरशीचा धडा पक्का आहे, बाकीचे कच्चे आहेत.' पंत वाचून मनसोक्त हसले होते. पण हसवलं म्हणून काही कोणी अनुदान देत नाही.

आणि आता हा वशिला. वशिला म्हटलं की पंतांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सख्खा भाचा पुष्कर एका स्पर्धेत पहिला येत होता, तर परीक्षक असलेल्या पंतांनी लोक काय म्हणतील म्हणून त्याला दुसरा केला. बहिणीने त्या वर्षी भाऊबीजेला बोलावलं नाही. फणसवाडीत हा किस्सा अजून सांगतात, आणि पंत हजर असले तर मान ताठ करून ऐकतात.

"या घरात त्या शाळेचं नाव पुन्हा निघता कामा नये," पंत म्हणाले.

"बरं, राहिलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर नाव पुन्हा निघालं. "बाई फार कामाच्या आहेत म्हणे. तुमच्या कानावर घालायला सांगितलंय मृणालिनीने. मीही म्हटलं, घालते. आमचे हे माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

पंत चहा तसाच टाकून उठले.

त्यानंतर टेबलावर आमसुलांची पिशवी आली. "सोनगिरेहून आलीत. सहज."

"परत पाठव."

"अशी कशी पाठवू? काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे," म्हणत पंतांनी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली, आणि त्याच तिरीमिरीत सोनगिरेची फाईल उघडली. या वेळी ते खडूस परीक्षकासारखे वाचायला बसले. एका रंगीत फोटोत, मुख्याध्यापिकांच्या मागे, काचेचं कपाट होतं. कपाटात सूक्ष्मदर्शकांची रांग होती. प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

मग त्यांनी खैराटचा अर्ज पुन्हा वाचला. ओढ्यातल्या अंड्यांपासून बेडूक होईपर्यंत मुलांनी रोज काढलेली चित्रं शेवटी जोडली होती. मागच्या वेळी पंत तिथवर पोचलेच नव्हते. गुळगुळीत कागदाला आपण भुललो, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि मग फार बरंही वाटलं, कारण वेळीच कळलं होतं.

शनिवारी बैठकीत त्यांनी कपाट दाखवलं, बेडूक दाखवले आणि खैराटचं नाव सांगितलं. वर हेही सांगून टाकलं, "माझ्या घरातूनच दुसऱ्या शाळेसाठी शब्द आला होता. पण गंगाधर ढळला नाही." विश्वस्तांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. चिटणीस सुशांतने तिथूनच खैराटला फोन लावला.

पंत छाती फुगवून निघाले. पण फणसवाडी जवळ आली तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. दुर्गा आता आठवडाभर बोलायची नाही. आपण तिला जरा जास्तच तोडून बोललो. त्यांनी वाटेत तिच्यासाठी खरवस घेतला, चपला दाराशी काढल्या आणि हलकेच आत पाऊल टाकलं.

दुर्गाबाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या.

"आता रडू नकोस गं मनवा," त्या हसत म्हणत होत्या. "अगं, तू माझ्या मैत्रिणीची लेक आहेस हे कळलं असतं, तर यांनी पहिल्याच दिवशी तुझा अर्ज केराच्या टोपलीत टाकला असता. म्हणून तर आठवडाभर मी त्या सोनगिरेचा वशिला लावत बसले."