घासूनपुसून इंग्रजी

धारच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेही उच्चारांसकट. त्यामुळे माझ्या मुलीच्या, इरावतीच्या, कंपनीतला स्कॉटिश साहेब मांडू बघायला आला, तेव्हा गाईडची गरज मला मुळीच वाटत नव्हती. पण तिनं हट्टानं गाईड ठरवला. तो निघाला नालछ्याचा भेरूलाल, माझाच जुना विद्यार्थी. 'इस्कूल' म्हणतो म्हणून ज्याला मी वर्षभर बाकावर उभं केलं होतं, तोच.

"भेरू, तू सिर्फ रास्ता दिखा," मी त्याला बजावलं. "बोलूँगा मैं."

आणि बोललो. जहाज महालापासून रूपमतीच्या मंडपापर्यंत तीन तास, एकेक शब्द घासूनपुसून. साहेब इतक्या आदरानं मान डोलवत होता की मला माझा वर्ग आठवला.

चहाला टेकलो, तेव्हा साहेबानं भेरूलालला हळूच काहीतरी विचारलं. मग दोघं बराच वेळ बोलत बसले, मध्येच खळखळून हसलेही. त्यांच्या त्या इंग्रजीतलं मला एक अक्षर कळलं नाही.

"क्या पूछ रहे हैं, रे?"

भेरूलालनं मान खाली घातली. "माट्साब, पूछ रिये हैं के सुबह से आप जो बोल रिये हो, वो मराठी है क्या? के रिये हैं, भोत मीठी भाषा है."

मी साहेबाकडे बघून हसलो आणि होकारार्थी मान हलवली. चौतीस वर्षांत माझ्या इंग्रजीला इतकं चांगलं कुणी म्हणालं नव्हतं.